नवी नगरसेविका म्हणून पालिकेचा कारभार सुधारायला सुरुवात कुठून करावी?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या एका लहान नगरपालिकेवर त्या पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत. काहीही विचारलं की "स्टाफ नाही" हेच उत्तर मिळतं. इमारत पावसात गळते, फाइली हलत नाहीत. मुख्याधिकाऱ्यांकडे आणखी एका कार्यालयाचा ताबा असल्यामुळे ते अर्धा आठवडाच भेटतात. अशा वेळी नगरसेविकेच्या हातात नेमकं काय असतं?

ताई, आधी अभिनंदन. माझी सगळी नोकरी उत्तर गोव्यातल्या एका पालिकेत गेली, आधी आस्थापनेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि नोंदी पाहणाऱ्या विभागात, आणि शेवटी लेखा विभागात. त्यामुळे "स्टाफ नाही" हे उत्तर कोणत्या टेबलावर तयार होतं ते मला ठाऊक आहे. ते अगदीच खोटं नसतं, पण अर्धवट असतं. पालिकेत माणसं असतात, फक्त काम जिथं तुंबतं त्या खुर्चीवर नसतात. पहिल्याच बैठकीत उठून "भरती करा" म्हणालात तर बाकं वाजतील, आणि वर्षा-दोन वर्षांनी दोन शिपाई आणि एक ड्रायव्हर वाढलेला दिसेल. फाइली होत्या तिथंच.

म्हणून आधी आस्थापनेकडून पदांचा तक्ता लेखी मागा. मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती आणि कधीपासून. हा तक्ता त्यांच्याकडे तयारच असतो, कारण नगरपालिका प्रशासन संचालनालय तो अधूनमधून मागतच असतं. कुणी "गोपनीय आहे" म्हणालं तर ऐकून घेऊ नका. कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचे पगार स्वतःहून जाहीर करणं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार पालिकेवर बंधनकारक आहे. मात्र त्या तक्त्यात एक रकाना नसतो, तो तुम्ही आखायचा: हा माणूस रोज प्रत्यक्षात काय करतो?

हा रकाना भरायला बसलात की पालिका कळायला लागते. सफाई कामगार म्हणून नेमलेला मुलगा आवक टेबलावर बसलेला असतो, कारण तो बारावी शिकलेला आहे आणि त्याचं अक्षर बरं आहे. मार्केट इन्स्पेक्टरचा हुद्दा असलेले गृहस्थ केबिनबाहेर लोकांना थोपवून धरतात. गवंडीकामाला घेतलेला गाडी चालवतो. एखादा दुसऱ्याच कुठल्या कचेरीत 'तात्पुरता' बसवलेला असतो आणि पगार पालिका भरते. यात दर वेळी कुणाची लबाडी असतेच असं नाही. एका चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी कुणी रजेवर जातो, त्याच्या जागी कुणाला तरी बसवतात, आणि पुढच्या चवथीपर्यंत तो तिथंच असतो.

आणखी एक सांगतो, कारण नवे नगरसेवक महाराष्ट्रातल्या पालिकांची उदाहरणं घेऊन येतात. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली, तीत १८ विषय आहेत, पण गोव्यात पाणी, वीज, नगरनियोजन हे सगळं आजही सरकारी खात्यांकडे आहे. पालिकेकडे मुख्यतः राहतं ते घरपट्टी, व्यवसाय परवाने, बाजार आणि सोपो (बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घ्यायची फी), बांधकाम परवाने, गटारं, कचरा आणि जन्म-मृत्यूची नोंद. म्हणजे सगळा भार चार माणसांवर येतो: कर निरीक्षक, मार्केट इन्स्पेक्टर, सॅनिटरी इन्स्पेक्टर आणि ज्युनियर इंजिनियर. ही चार पदं भरलेली आहेत का आणि ती माणसं त्याच कामावर आहेत का, एवढं पाहिलंत तरी निम्मा आजार कळतो. कार्यालयात आणखी दहा क्लार्क आणून बसवले तरी या चौघांच्या टेबलावरची चळत कमी होत नाही, उलट ती वाढवणारे दहा हात वाढतात.

फाइल अडते कशी ते एका फाइलवरून सांगतो. घरपट्टी नावावर करून घ्यायचा साधा अर्ज घ्या. वडील वारले, घर अजून आजोबांच्या नावावर आहे, मुलगा अर्ज करतो. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे वारसांची यादी लांबते. एक भाऊ कुवेतला, बहीण लग्न होऊन बेळगावला, त्यांचे ना-हरकत दाखले किंवा इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा, कोर्टाचा आदेश लागतो. घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं) आणि जमीन भाटकाराची (जमीनमालकाची) असली तर आणखी एक पदर. हे सगळं गोळा करून मुलगा काउंटरवर येतो, अर्जावर आवक क्रमांक पडतो. तिथून फाइल कर विभागाच्या क्लार्ककडे, त्याच्याकडून जागेच्या पाहणीसाठी कर निरीक्षकाकडे, मग हेडक्लार्क, मग मुख्याधिकाऱ्यांची सही, मग आकारणीच्या नोंदवहीत दुरुस्ती.

यात खरं काम आहे ते पाहणीचं, आणि तेही अर्ध्या तासाचं. पण कर निरीक्षक एकच. सकाळी त्याला बाजारात सोपोवर लक्ष ठेवायला पाठवलेलं असतं, दुपारी तो मतदारयादीच्या कामाला असतो कारण बीएलओची (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची) ड्यूटी त्याच्यावरच आली आहे, आणि उरलेल्या वेळात कोर्टातल्या एका प्रकरणाची कागदपत्रं वकिलाला पोचवायची असतात. फाइली त्याच्या लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. तो रजेवर गेला की किल्लीही जाते, आणि काउंटरवरचा मुलगा प्रामाणिकपणे सांगतो, "सर आले की बघूया." लोक म्हणतात पैसे हवे असतील. कधी हवेही असतात, नाही म्हणत नाही. पण मी पाहिलेल्या तुंबलेल्या फाइलींपैकी बऱ्याच केवळ त्या किल्लीमुळे तुंबलेल्या होत्या.

इलाज महागडा नाही. कर निरीक्षकाचे पाहणीचे वार ठरवून द्यायचे, प्रभागनिहाय, आणि ते नोटीस बोर्डावर लावायचे: मंगळवारी अमुक प्रभाग, गुरुवारी तमुक. कपाटाची दुसरी किल्ली हेडक्लार्ककडे. कोणत्या अर्जाला कोणते कागद लागतात ती यादी कोंकणी-मराठीत छापून काउंटरवर द्यायची. १९८७च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराची सोय आहेच, तरी आमच्या काउंटरवरचे फॉर्म इंग्रजीतच का, हा प्रश्न बैठकीत विचारायला हरकत नाही. आणि त्रुटी असल्या तर त्या सगळ्या एकाच पत्रात कळवायच्या. आज दाखला मागायचा, तो आणला की पुढच्या महिन्यात पावती मागायची, ही पद्धत बंद करायला नवं पद लागत नाही, मुख्याधिकाऱ्यांचा एक कार्यालयीन आदेश पुरतो.

तुमच्या पालिकेत फाइल नेमकी कुठं अडते हे अंदाजाने ठरवू नका. आवक नोंदवही घ्या. गेल्या दोन महिन्यांतले अर्ज पाहा आणि प्रत्येकापुढे तो आज कोणत्या टेबलावर आहे ते लिहून घ्या. आवक क्लार्कला चहा पाजून शेजारी बसलात तर दोन-तीन दुपारी पुरतात. हे काम तुम्हीच करा, समिती नेमू नका. समिती नेमली की तिच्या बैठकीची नोटीस काढायलाही स्टाफ नसतो. हाती आलेले आकडे घेऊन मग बैठकीत उभ्या राहा: "परवान्यांचे इतके अर्ज, त्यांतले इतके पाहणीसाठी थांबलेले." असा आकडा आला की "स्टाफ नाही" म्हणणाऱ्याला कोणता स्टाफ ते सांगावं लागतं.

सोबत २०१३चा कायदा हाताशी ठेवा, नागरिकांना ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याच्या हक्काचा. अधिसूचित सेवेला मुदत असते, ती देणारा अधिकारी ठरलेला असतो, आणि मुदत टळली तर अपील कुणाकडे करायचं तेही. तुमच्या पालिकेच्या कोणत्या सेवा त्यात आहेत ती यादी काढून काउंटरच्या वर मोठ्या अक्षरात लावायला सांगा. विरोध होईल. "बोर्ड लावला तर लोक भांडायला येतील," असं मला एकाने तोंडावर सांगितलं होतं. येऊ देत.

आता मुख्याधिकारी. १९६८च्या गोवा नगरपालिका कायद्यानुसार प्रशासन चालवतात ते मुख्याधिकारी, आणि त्यांना सरकार नेमतं. नगरसेविकेला कर्मचाऱ्याला थेट हुकूम द्यायचा अधिकार नाही. ही मर्यादा नीट लक्षात ठेवा, कारण ती ओलांडणं सोपं असतं आणि गोडही लागतं. नगरसेवकाने सफाईच्या मुकादमाला फोन करून माणसं आपल्या गल्लीत वळवली की बाकीचे नगरसेवकही तेच करतात, आणि सकाळी ठरलेला कचऱ्याचा मार्ग दहा वाजेपर्यंत मोडून पडलेला असतो. तुमची ताकद ठरावात, प्रश्नात आणि अर्थसंकल्पात आहे. अतिरिक्त ताब्याबद्दल संचालनालयाकडे पूर्णवेळ अधिकारी मागणारा ठराव कराच, पण तो मंजूर होईपर्यंतची सोय मागा. मुख्याधिकारी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेत तुमच्या पालिकेत सह्या करतील ते लेखी जाहीर व्हावं. कमी महत्त्वाच्या सह्या, म्हणजे साधे दाखले वगैरे, नियमात बसतील त्या खालच्या अधिकाऱ्याकडे लेखी सोपवाव्यात. तोंडी सोपवलेलं काम बदलीच्या दिवशी हवेत विरतं.

बदलीवरून आठवलं. माणूस निवृत्त झाला किंवा बदलून गेला की जाताना ताबा देण्याची यादी करतो: टेबल एक, खुर्च्या दोन, स्टॅपलर एक. कोर्टात चालू असलेली प्रकरणं, लेखापरीक्षणातले न मिटलेले आक्षेप, मुदत संपत आलेली कंत्राटं यांची यादी कुणी देत नाही. ती सक्तीची करा. आमच्याकडे एक जुने हेडक्लार्क निवृत्त झाले तेव्हा दुकानांच्या भाडेकरारांची निम्मी माहिती त्यांच्या डोक्यातून त्यांच्याबरोबर घरी गेली, आणि पुढचं वर्षभर पालिकेचा माणूस स्कूटरवरून त्यांच्या घरी विचारायला जायचा. ते भले गृहस्थ, चहा पाजून सांगायचे. सगळेच सांगत नाहीत.

नवी पदं मागायचीच असतील तर संचालनालयाची मंजुरी लागते, आणि तिथं "कामाचा भार वाढला आहे" या वाक्याला वजन नसतं. आवक नोंदवहीतले आकडे, घरांची आणि दुकानांची वाढलेली संख्या आणि त्या पदामुळे पालिकेत येणारा पैसा, हे जोडा. कर निरीक्षकाचं पद असं मांडता येतं. थकलेली घरपट्टी, परवाना न घेता चालणारी दुकानं, वर्षानुवर्षं जुन्या दराने आकारलेली नवी बांधकामं यांच्या मागे लागायला माणूस असला तर तो आपला पगार काढून वर देतो. सोपोचंही तसंच. कंत्राटाच्या पावणीत (लिलावात) मूळ बोली गेल्या वेळच्या आकड्यावर ठरवतात. पण एखाद्या बाजाराच्या दिवशी किती विक्रेते बसले आणि प्रत्येकाकडून किती घेतले हे पालिकेच्याच माणसाने मोजलेलं असलं, तर पावणीचा आकडा बदलतो. मोजायला माणूस नाही म्हणून पालिका बोली लावणाऱ्याच्या अंदाजावर विसंबते. ही काटकसर पालिकेला फार महाग पडते.

रोजंदारी आणि कंत्राटी कामगारांचा विषय तुमच्यापुढे पहिल्याच महिन्यात येईल. निवडणुकीच्या तोंडावर चिठ्ठ्यांवर घेतलेली माणसं, दहा-दहा वर्षं तीच झाडू-टोपली, आणि "आम्हाला कायम करा" ही मागणी. त्यांना भाबडं आश्वासन देऊ नका. २००६च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने मागच्या दाराने घेतलेल्यांना सरसकट कायम करण्याचा मार्ग बंद केला. मात्र डिसेंबर २०२४मध्ये जग्गो प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही सांगितलं, की कायमस्वरूपी काम वर्षानुवर्षं करवून घेऊन वर उमादेवीची ढाल पुढे करता येणार नाही. म्हणजे प्रत्येकाची कथा वेगळी तपासावी लागते, आणि ती वकिलाकडून तपासून घ्या, युनियनच्या सभेत नको.

तोवर तुमच्या हातात असलेल्या गोष्टी मात्र ताबडतोब करा. कंत्राटदाराचं बिल मंजूर करताना त्याला भविष्यनिर्वाह निधीचं चलन आणि बँकेतून पगार दिल्याची यादी जोडायला लावा. हजेरीपट स्वतः एकदा पहाटे जाऊन बघा. किती नावं आहेत आणि किती माणसं उभी आहेत ते मोजा. कुणाला सांगून जाऊ नका.

२०१६च्या घनकचरा नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला गणवेश, चमकणारं जॅकेट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क मिळालेच पाहिजेत असं लिहिलं होतं. आपल्याकडे रेनकोट येतात ऑगस्टमध्ये. याचं कारण कुणाचा निर्दयपणा नव्हे, निविदेचं वेळापत्रक. मेमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं, जूनमध्ये टिपण वर जातं, जुलैत दरपत्रकं, आणि तोवर अर्धा पाऊस कामगारांच्या अंगावरून गेलेला असतो. मार्चमध्येच खरेदीचा आदेश निघाला तर मेअखेर रेनकोट हातात पडतात. हातमोजे एका मापाचे मागवतात, बायकांच्या हातात ते सैल बसतात, म्हणून त्या काढून ठेवतात आणि ओल्या कचऱ्यातून काच उचलतात. मापं विचारून घ्या. एवढ्याशा गोष्टीला ठराव लागत नाही.

त्याच यार्डात बायकांना कपडे बदलायला बंद खोली, पाणी येणारं न्हाणीघर आणि कडी लागणारं शौचालय आहे का ते बघा. "सुविधा" म्हटलं की सगळ्यांना मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनचा एसी आणि सभागृहातल्या खुर्च्या आठवतात. माझ्या मते पालिकेतली पहिली सुविधा ही, कारण तिच्यावर बाकीचं शहर अवलंबून आहे. आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा २०१३चा कायदा आहे. समितीची अध्यक्ष स्त्री हवी, बाहेरची एक सदस्य हवी. बऱ्याच ठिकाणी भिंतीवर बोर्ड असतो आणि बोर्डावर निवृत्त झालेल्या बाईंचं नाव असतं. तुमच्या बोर्डावर कुणाचं आहे?

इमारत गळते म्हणालात. नवी इमारत म्हणजे सरकारी निधी, आराखडा, निविदा, आणि या सगळ्यात तुमची मुदत संपेल. तो प्रस्ताव चालू ठेवा, पण यंदाच्या पावसाआधी एकाच खोलीचं छप्पर नीट करता येत असेल तर ती रेकॉर्ड रूम असू द्या. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, जुन्या आकारणी नोंदवह्या, बांधकाम परवान्यांचे नकाशे हे ओल धरलं की गेले, आणि वाळवी तर वाटच बघत असते. गठ्ठे जमिनीवरून उचलून लोखंडी मांडणीवर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि कोणत्या मांडणीवर काय आहे याची यादी दाराच्या आतल्या बाजूला. स्कॅनिंगचं कंत्राट देणारे लगेच भेटतील; आधी आकारणीच्या नोंदवह्या स्कॅन करा, कारण घरपट्टीचे वाद त्यांच्यावरच मिटतात. परिपत्रकांचे गठ्ठे राहू देत.

कचऱ्याच्या गाड्यांबद्दल एकच. बंद पडलेल्या प्रत्येक गाडीपुढे बंद कशामुळे ते लिहून मागा. टायर, बॅटरी, विमा, फिटनेस, यांपैकी काहीतरी क्षुल्लक निघतं, आणि त्यासाठी भाड्याची गाडी महिनोन्महिने चालू असते.

हे सगळं करताना एक अडचण येणार, तिला इलाज नाही. आपला गोवा लहान. जो क्लार्क फाइल दाबून बसला आहे तो तुमच्या वहिनीचा मावसभाऊ निघतो, आणि ज्याची बदली सुचवाल त्याचे वडील तुमच्या प्रचारात घरोघरी फिरलेले असतात. घटनेत प्रभाग समित्या तीन लाखांवरच्या लोकसंख्येला सक्तीच्या आहेत, आपली एकही पालिका त्यात बसत नाही. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात आणि तक्रारी बाजारातच तुमच्या हातात पडतात. म्हणून बोलताना माणसाचं नाव घेऊ नका, टेबलाचं घ्या. "अमक्याला हटवा" म्हणालात तर भांडण होतं, "परवाना टेबलावर आठवड्यात एकही पाहणी झाली नाही" म्हणालात तर उत्तर द्यावं लागतं. क्लार्कना प्रशिक्षणासाठी जुन्या गोव्याजवळ एला इथल्या गिपार्ड या सरकारी प्रशिक्षण संस्थेत पाठवायचा ठराव करा. शिक्षा म्हणून पाठवायचं नाही, तेव्हा चांगली माणसं आधी पाठवा म्हणजे बाकीच्यांना मान वाटेल.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही, पण येणारच आहे. वित्त आयोगाच्या अनुदानाला अटी असतात. पंधराव्या आयोगाने (२०२१-२२ ते २०२५-२६) लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन जाहीर असणं ही पहिली अट घातली आणि शहरी संस्थांच्या अनुदानाचा मोठा हिस्सा पाणी आणि कचरा यांना बांधून ठेवला. म्हणजे त्यातून केबिन सजवता येत नव्हती आणि पगारही भागवता येत नव्हते. ते पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून आणि जकातीच्या बदल्यात सरकार देतं त्या अनुदानातून येतात. हिशेब मागे पडले की अनुदान अडतं, तेव्हा लेखा विभागातलं रिक्त पद हे शिपायाच्या रिक्त पदाच्या कितीतरी आधी भरायचं.

अर्थसंकल्पाची बैठक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये लागते आणि तिची नोटीस अगदी शेवटच्या दिवशी हातात पडते, सोबत जाड बाड. त्याआधीच, डिसेंबरपासून, लेखा विभागाकडे तीन शीर्षांचे गेल्या तीन वर्षांचे आकडे मागून ठेवा: रोजंदारी वेतन, वाहन दुरुस्ती आणि भाड्याची वाहनं. तरतूद किती होती आणि खर्च किती झाला. ते मिळाले की इथंच खाली टाका, आपण दोघं मिळून वाचू.